भाताच्या खाचरातला कागदी खडक

आमच्या साईटवर खडक नव्हता. खाडीच्या काठची खारजमीन ती. भाताची खाचरं, मध्ये मातीचे बांध, आणि कुदळ मारली की दही कापावं तशी कापली जाणारी माती. कागदावर मात्र तिथे इतका काळा पाषाण होता, की नुसती आमची बिलं वाचणाऱ्याला वाटलं असतं, ही माणसं गॅसची पाइपलाइन टाकत नाहीत, लेणी कोरतायत.

हा खडक कसा तयार झाला ते मला माहीत आहे, कारण तो तयार होताना मी शेजारच्या खुर्चीवर बसलेला असायचो. खुर्चीच्या टोकावर. पूर्ण टेकून बसायची हिंमत मला बऱ्याच वर्षांनी आली.

मी परभणीकडचा. आठवीत शाळा सुटली, म्हणजे मीच सोडली. पुढे गावाकडच्या एका टोळीबरोबर रायगडात आलो, पाइप चरात उतरवायच्या कामावर. मुळात मी घाबरट माणूस. क्रेनने पाइप उचलला की बाकीचे खाली उभे राहून विडी ओढायचे आणि मी इतका लांब जाऊन उभा राहायचो, की मुकादम ओरडायचा, "अरे, तू आमच्याच कंपनीत आहेस ना?"

एक दिवस खर्चाचा अंदाज काढणाऱ्या मॅडम साईटवर आल्या. माणगावच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, चष्मा गळ्यात साखळीला. चराच्या काठावर उभ्या राहून त्यांनी टोळीला विचारलं, "पुढच्या टप्प्यात इथे काय काय अडू शकेल?"

"काही नाही मॅडम," सगळे म्हणाले.

मी म्हणालो, "मॅडम, सांगू का?" आणि सांगायला लागलो. बांध फुटेल. पाइपात साप जाईल. वेल्डिंगवाल्याची बायको बाळंत होईल आणि तो गावी पळेल. डिझेलचा टँकर घाटात अडकेल. एखादा म्हातारा चरासमोर खाट टाकून झोपेल. मॅडमच्या हातातला चहा निवला, त्यावर साय धरली, तरी माझं चालूच.

"शिक्षण किती?" त्यांनी विचारलं.

"आठवी. म्हणजे आठवीत होतो."

"उद्यापासून ऑफिसात ये. नाहीतरी दिवसभर घाबरतोच आहेस, आता त्याचा पगार घे."

असा मी खर्चाच्या अंदाजाच्या धंद्यात पडलो. नकाशा वाचायला मला मॅडमनी शिकवलं. मीटरमागे खुदाई किती, पाइप उतरवणं किती, सांधणं किती, पुन्हा बुजवणं किती, हे सगळं त्यांनी माझ्याकडून घोटून घेतलं, आणि चुकलो तर रागावण्याआधी डब्यातली तांदळाची भाकरी पुढे करायच्या. आईपासून इतक्या लांब राहणाऱ्या माणसाला एवढं पुरतं. आजही त्यांचा फोन आला की मी उभं राहून बोलतो. समोर कोणी नसलं तरी.

अंदाजाचं काम बाहेरून गंभीर दिसतं. आत तसं काही नाही. मातीचा भाव ठरलेला, लोखंडाचा ठरलेला. खरा प्रश्न एकच, काय बिघडेल? त्यात मी तरबेज. फक्त अडचण अशी, की मी ज्याला घाबरायचो ते कधी घडायचंच नाही. साप एकदाही आला नाही. वेल्डिंगवाल्याचं लग्नच झालेलं नव्हतं. आणि जे घडायचं ते माझ्याही डोक्यात आलेलं नसायचं.

उदाहरणार्थ, म्हैस.

खुदाई करून ठेवलेल्या चरात एक म्हैस पडली. लागलं वगैरे काही नाही. उलट खाली गारवा होता, ओल होती, तिला जागा फार आवडली. वर यायला तयार नाही. आम्ही क्रेन आणली, तर मालक आडवा झाला.

"गाभण हाय ती. लोंबकळवायची न्हाय."

"मग काढायची कशी?"

"चालत. ती चालत आलीय, चालतच जाईल."

म्हणजे हाताने माती कापून तिच्यासाठी उतार करायचा. कापला. ती बाईसाहेब रमतगमत वर आल्या. तोवर क्रेन उभी, वेल्डिंगची टोळी उभी, सगळ्यांचं भाडं आणि मजुरी चालू. संध्याकाळी मॅडमनी हेड ऑफिसचा संगणकातला फॉर्म उघडला. वाढीव खर्चाला तिथे चारच कारणं होती, त्यातलं एक निवडायचं. खडक, पाऊस, भूजल, यंत्रबिघाड. पाचवं काही लिहू गेलं तर संगणक टुंग करून नको म्हणायचा.

"पाऊस लिहा," मी म्हणालो.

"जानेवारीत?"

"मग भूजल?"

"त्याला पंपाच्या भाड्याची पावती जोडावी लागते. यंत्रबिघाडाला मेकॅनिकची सही." मॅडमनी चष्मा लावला. "खडकाला काहीच लागत नाही. तो एकदा फोडला की कोणाला दिसणार?"

म्हैस खडकात गेली.

पुढे एका मुलीची वरात चरामुळे अडली, तिच्यासाठी फळ्यांचा पूल बांधून दिला. खडक. चरालगतच्या नारळाच्या वाडीचे मालक एक चाचा होते, आखातात नोकरी करून परत आलेले. त्यांच्या विहिरीत चराची माती ढासळली, तीन दिवस गाळ उपसला. खडक. आणि मागच्या शिमग्यात गावदेवीची पालखी पलीकडच्या वाडीत जायची होती, तिची वाट ठरलेली, पिढ्यान्‌पिढ्यांची. त्या वाटेवर आमचा चर. तो बुजवला, पालखी गेली, पुन्हा खणला. मोठा खडक.

एक मात्र सांगतो. यातला एक पैसाही कोणाच्या खिशात गेला नाही. खर्च पूर्ण खरा होता, कारण तेवढं नव्हतं. पण हे फरकाचं प्रकरण आपल्याला कळतं, हेड ऑफिसला कळेलच असं नाही.

हेड ऑफिसला आमच्या खडकाचं आधी कौतुक वाटलं. "इतक्या कठीण भूभागात आपली टीम..." असा मेल आला. मॅडम तो वाचताना चक्क लाजल्या. पण मग कोणाला तरी दया आली असावी. दुसरा मेल आला. खास तुमच्यासाठी खडक फोडायचं मोठं मशीन पाठवत आहोत. सोबत खर्च तपासणारे साहेब येतील आणि खडकाची पाहणी करतील.

नेमके होळीच्या दिवशी.

मॅडमची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. साहेबांना खडक दिसला नाही की बिलं खोटी ठरणार, चौकशी लागणार, आणि तीस वर्षं कोणाचा चहासुद्धा फुकट न घेतलेल्या बाईने पैसे खाल्ले असं सगळीकडे पसरणार. त्यांच्या शब्दावर खुर्चीत बसलेला मी परत टोळीत जाणार, हा त्यातला छोटा भाग. खरं सांगतो, मला तो छोटा वाटत नव्हता.

"मी त्यांना जे झालं ते सरळ सांगणार," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, ते सांगायला संगणकात जागा नाही."

"तोंडाने सांगेन."

साहेब यायच्या आदल्या दुपारी त्या शांतपणे जेवल्या. माझ्या घशाखाली घास उतरेना, म्हणून मी उठलो आणि गावात खडक शोधायला गेलो.

चाचा वाडीच्या फाटकात बसले होते. शेजारी नव्या घरासाठी आणलेल्या जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची रास. मी सगळं सांगितलं. त्यांना हसू आवरेना.

"म्हणजे माझी विहीर पण खडक?"

"हो चाचा."

"आणि म्हैस?"

"ती पण."

"या अल्ला! अरे, मग पाथर पायजे तर मागायला लाजतोस काय? हे चिरे ने. लागतील तेवढे ने. मॅडमने माझी विहीर साफ करून दिली, मी काय दगड नाय देणार?"

एवढ्यात गावकीतले थोरले तिथे आले. सगळा गाव त्यांना आबा म्हणायचा. त्यांनीही ऐकलं आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "घाटावरच्या पावण्या, तुमच्याकडं खडक काय झाडाला लागतो व्हय?"

पण टेंपो त्यांनीच आणला. सकाळी उजाडताच आम्ही पंचवीस-तीस चिरे चरात नेऊन टाकले, वर चिखल फासला. मला तर तो खडक अगदी खरा वाटायला लागला. मॅडम आल्या, चष्मा लावला, वाकल्या.

"हा खडक चौकोनी आहे."

मी हातातला चिखल आणखी फासला.

"सगळा एकाच मापाचा आहे. आणि ह्याच्यावर खाणवाल्याने पांढऱ्या रंगाने आकडा लिहिलाय."

"मॅडम, ती बाजू खाली करतो."

"वर काढ सगळं!" त्या ओरडल्या, आणि तोंड दुसरीकडे वळवलं. खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत. पुढे होऊन बघितलं तर हसत होत्या.

चिरे बांधाच्या कडेला रचून ठेवतोय तोवर साहेब आले. मागे ट्रेलरवर मशीन. इतकं मोठं यंत्र त्या गावाने पाहिलं नव्हतं. लहान-मोठी सगळी बघायला गोळा झाली. साहेबांच्या हातात लोखंडी सळई होती, मूठ असलेली. त्यांनी खाचराच्या मधोमध उभं राहून ती खाली दाबली. ती गेली. आणखी गेली. मुठीपर्यंत गेली. मग त्यांनी ती वर ओढली, तर येईना. ट्रेलरच्या ड्रायव्हरने मदत केली, तरी येईना. शेवटी त्यांनी ती तिथेच सोडली आणि खिशातून फोन काढला.

"सर, मी साईटवर आहे," ते मोठ्याने, आम्हाला ऐकू जाईल असं बोलले. "इथे खडकाचा खडासुद्धा नाही. येस सर. शंभर टक्के. मी लेखी देतो." आणि तिथेच बोनेटवर कागद ठेवून लिहिलं, सही केली, फोटो काढून पाठवलासुद्धा.

मॅडम पुढे झाल्या आणि त्यांनी सरळ सांगायला सुरुवात केली. म्हैस, वरात, विहीर, पालखी.

"मॅडम," साहेब म्हणाले, "तुम्ही मला सांगताय की एका म्हशीला इतके मीटर खडक लागला?"

"गाभण होती," मी म्हणालो. मला वाटलं त्याने मदत होईल.

साहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग मशीनच्या ऑपरेटरला हाक मारली. "मशीन खाली उतरव. सगळी लाइन उकरून बघू, कुठे काय पुरलंय ते."

मॅडमचा सूर बदलला. आता त्या आपल्या कामाचं बोलत होत्या. "साहेब, तेवढं करू नका. आज पौर्णिमा, उधाणाची भरती आहे. दुपारी खाडी चढली की इथे जमिनीखालून पाणी येतं. वर सुकलेलं दिसतंय ती नुसती खपली आहे. मशीन बांधाच्या अलीकडे राहू द्या, तुम्ही म्हणाल तिथे मी हाताने खणून दाखवते."

"आता मला भरतीची भीती घालणार?"

मशीन उतरलं. पहिलं खाचर व्यवस्थित पार केलं. साहेबांनी आमच्याकडे विजयी नजरेने पाहिलं. दुसऱ्या खाचरात थोडं खोदलं, काही निघालं नाही. तोवर बारा वाजून गेले होते आणि तिकडे खाडी भरली. तिसऱ्या खाचरात, बांधाला लागून, मशीन थांबलं. मग ते खाली बसायला लागलं. कुठलीही घाई नाही. पंगतीत मांडी घालणाऱ्या माणसासारखं एका बाजूने आधी, मग दुसऱ्या बाजूने. खालचे लोखंडी पट्टे दिसेनासे झाले. ऑपरेटर केबिनच्या टपावर चढला, जरा वेळ आजूबाजूला बघितलं, आणि डबा उघडला.

"अरे, काही तरी कर!" साहेब ओरडले.

"जेवून घेतो साहेब. आता कुठे जात नाही ते."

आबा काठी टेकत आले. मशीन नेमकं कुठे बसलं होतं ते त्यांनी नीट पाहिलं. बांध ओलांडून पलीकडच्या वाडीकडे जाणारी वाट पूर्ण अडली होती.

"साहेब, हे इथून काढा. चार वाजता पालखी निघंल."

"अहो, पालखी जरा बाजूने न्या."

आबा अगदी मऊ आवाजात म्हणाले, "पालखी वाकडी जात न्हाय."

साहेबांनी माणगावला फोन लावला क्रेनसाठी. ड्रायव्हर शिमग्याला गावी गेलेला. अलिबागला लावला. तिथलाही. पुढे महाडपर्यंत लावत गेले. प्रत्येक जण प्रेमाने सांगायचा, होळी झाली की या. मी त्यांच्या शेजारी उभा होतो आणि पहिल्यांदाच मला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. साहेब घाबरले होते. घाम, कोरडे ओठ, सारखा फोन ह्या हातातून त्या हातात. ही सगळी लक्षणं मी आरशात बघितलेली. मी त्यांना माझी पाण्याची बाटली दिली. त्यांनी ती संपवली आणि हळूच विचारलं, "आता काय होईल?"

ह्या प्रश्नाचं उत्तर तर माझ्या रोजच्या कामाचं. मी सुरू झालो. मशीन आणखी खाली जाईल. तेल गळेल. तेल खाचरात गेलं की भातशेतीची भरपाई. पालखी अडली की गाव काम बंद पाडणार. काम बंद पडलं की...

"पुरे," साहेब म्हणाले. "पुरे रे बाबा."

मॅडम मात्र आबांशी बोलत होत्या. थोड्या वेळाने गावातली माणसं जमली. शिमग्याची तयारी करून निघालेली, कोणाच्या डोक्याला फेटा, कोणाच्या कमरेला ढोल. त्यांनी माडाचे ओंडके आणले, जाड दोर आणले. पण चिखलात पट्ट्यांना टेकायला काहीतरी कठीण हवं होतं. सगळ्यांनी एकाच वेळी चाचांच्या चिऱ्यांकडे पाहिलं.

"माझं घर रे ते!" चाचा म्हणाले. मग मॅडमकडे बघितलं, मग देवीच्या वाटेकडे. "घाला. पैसे मात्र साहेबाकडून. बाजारभावाने."

चिरे पट्ट्यांखाली गेले, ओंडके गेले. ऑपरेटर जेवून, हात धुऊन केबिनमध्ये बसला. आणि दोराला गाव लागला. शिमग्यात मोठ्याने टिंगल करायची मोकळीक असते, फाका म्हणतात त्याला. ती संधी कोण सोडणार?

"साहेबाचा खडक कुठं गेलाऽऽ?" एक जण पुढून ओरडायचा.

"चिखलात गेलाऽऽ!" बाकीचे ओढत.

"सळई कुठं गेलीऽऽ?"

"ती बी गेलीऽऽ!"

दोरावर माझ्यापुढे साहेब होते. बाह्या वर, पँट गुडघ्यापर्यंत चिखलात. तिसऱ्या फाकेला तेही ओरडले. मशीनने एक मोठा आवंढा गिळल्यासारखा आवाज केला आणि ते वर आलं, बांधाबाहेर निघालं. पालखी थोडी उशिरा निघाली, पण निघाली, आणि आपल्या वाटेने सरळ गेली. कोणीतरी साहेबांच्याही कपाळाला गुलाल लावला.

खरी गंमत त्यानंतर, ऑफिसात. साहेब टेबलाशी बसले. चिऱ्यांची किंमत, ओंडके, मजुरी, मशीनचं रिकामं भाडं, सगळं नोंदवायचं. फॉर्म उघडला. कारण निवडा.

त्यांनी चारही कारणं वरून खाली वाचली, मग खालून वर.

"खडक लिहा," मॅडम सहज म्हणाल्या.

"कसं लिहू? सकाळीच लेखी दिलंय मी, खडक नाही म्हणून."

"पाऊस?"

"फाल्गुनात?"

"भूजल. पंपाची पावती जोडा."

"पंप कुठे लावला आपण?"

दारात ऑपरेटर उभा होता. साहेबांनी आशेने त्याच्याकडे पाहिलं. "यंत्रबिघाड?"

"मशीन एकदम ओके आहे साहेब," तो दुखावल्या आवाजात म्हणाला. "मी तशी सही देणार नाही."

मी खुर्चीच्या टोकावर बसून मॅडमकडे बघत होतो. तुम्हाला आता कळलं ना, असंसुद्धा त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त साहेबांपुढे चहा ठेवला. साहेबांनी चहा घेतला, कपाळाचा गुलाल पुसून तोंडभर पसरवला, आणि हेड ऑफिसला फोन लावला.

"सर, फॉर्ममध्ये एक नवीन कारण टाकावं लागेल... नाही सर, चारांत बसत नाही... शिमगा. शिमगा, सर... नाही, होळी एक दिवसाची, हे जास्त दिवस चालतं... हो, मी स्वतः हजर होतो. स्वतः ओढलंय... नाही सर, पालखी बाजूने नेता येत नाही." एवढं सांगताना त्यांचा आवाज थेट आबांसारखा मऊ झाला.

फोन ठेवून ते मॅडमना म्हणाले, "ती तुमची जुनी बिलं काढा. म्हैस कुठली, वरात कुठली, सांगा. खडकातून एकेक बाहेर काढू. पाचवी जागा करून घेतलीय आता, सगळा शिमगा त्यातच."

आम्ही काढत बसलो. साहेबांनी प्रत्येकावर स्वतः सही केली. म्हशीपाशी थांबून मला विचारलं, "खरंच गाभण होती?" मी म्हणालो, "रेडकू दाखवतो, उद्या चला." मॅडमनी चष्मा काढून साडीच्या पदराने पुसला, बराच वेळ पुसला. मला त्या दिवशी जेवण गेलं.

काही आठवड्यांनी पुढच्या टप्प्याचा अंदाज करायला घेतला, नागावच्या बाजूचा. मॅडम म्हणाल्या, "आता तुझी भीती नावानिशी लिही. लपवायचं काही नाही."

मी मन लावून लिहिलं, प्रत्येकापुढे खर्चाचा आकडा. म्हैस. वरात. पालखी. समुद्रावर आलेल्या पर्यटकांची गाडी चरात जाणं. पाइपात साप. शेवटी, जरा बिचकत, साहेबांची भेट.

मॅडमनी लाल पेन घेतलं. साप खोडला, "एकदाही आला नाही," म्हणाल्या. म्हैस आणि पालखी ठेवली. पर्यटकांपुढे बरोबरची खूण केली. साहेबांच्या भेटीपाशी पेन थांबलं. त्यांनी ती खोडली नाही. तिच्यापुढचा आकडा खोडला आणि वर मोठा लिहिला.